काटकोनातली गोधडी

दुसऱ्याच्या घरी गेल्यावर भिंतीवरची तसबीर जराशी तिरकी दिसली, की नाना आधी ती सरळ करत आणि मग 'कसं काय, बरं आहे ना?' म्हणत. नोकरीभर त्यांनी जमिनी मोजल्या. साखळी ओढली, खुणेचे दगड रोवले, सख्ख्या भावाभावांत हद्दीवरून डोकी फुटायची वेळ आली तेव्हा मधे उभं राहून सरळ रेष आखून दिली. माणूस निवृत्त होतो, रेष काही निवृत्त होत नाही. बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना पाठीमागे 'काटकोन' म्हणत. नानांना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. फक्त तोंडावर कोणी म्हणालंच, तर रागवायची त्यांनी पूर्ण तयारी ठेवली होती.

त्यांची बायको म्हणजे अख्ख्या बिल्डिंगची काकू. काकू घरी शिवणकाम करत. फ्रॉक, पडदे, गाद्यांची कव्हरं, शाळेच्या पोरांच्या चड्ड्या. हात असा साफ, की शिवण उलटी करून बघितली तरी सुलटी वाटावी. दोष म्हणाल तर एकच, उरलेली चिंधी टाकायची नाही. बोटभर असो की हातभर, ती जुन्या उशीच्या अभ्र्यात जायची. अभ्रा भरला की गाठ मारून कपाटात. का, तर "उपयोगी पडेल." ह्या दोन शब्दांवर त्या बाईनं तीस वर्षं संसार केला आणि एक अख्खं कपाट अडवून ठेवलं.

एका दुपारी नाना त्या कपाटात टाचणी शोधायला गेले. दार उघडलं मात्र, वरच्या फळीवरचे अभ्रे धबाधबा त्यांच्या डोक्यावर आले. एक फुटला. काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या तेव्हा नाना गळ्याएवढ्या चिंध्यांत बसले होते आणि कानावर कुणाच्या तरी फ्रॉकची झालर लोंबत होती.

"हे सगळं उद्या भंगारात जाईल," नाना बसल्या बसल्या म्हणाले. माणूस चिंध्यांत बसून फार करारी दिसू शकत नाही, पण त्यांनी प्रयत्न केला.

"एका चिंधीला हात तर लावून बघा," काकू म्हणाल्या.

"मग वापरून तरी टाक! गोधडी शीव, पायपुसणी शीव, काही तरी शीव!"

"मला वेळ आहे का? कोट शिवायचाय मला. तुम्हाला एवढा पुळका आलाय ना, तुम्हीच शिवा गोधडी. दिवसभर रिकामेच असता."

'रिकामे' हा शब्द निवृत्त माणसाला कुठे लागतो ते निवृत्त झाल्याशिवाय कळत नाही. नाना उठले, कानावरची झालर काढली आणि म्हणाले, "शिवतो."

आता ह्या कोटाची गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. कोट होता सोसायटीच्या सेक्रेटरींचा. सेक्रेटरींचा लवकरच बिल्डिंगतर्फे सत्कार व्हायचा होता, कारण ते इतकी वर्षं सेक्रेटरी होते की त्यांना काढायचं कसं हेच कोणाला माहीत नव्हतं. त्यांच्या मेहुण्यानं परदेशातून राखाडी लोकरी कापड आणलं होतं, बेताचंच, कोटापुरतं. नाक्यावरच्या टेलर मास्तरांशी सेक्रेटरींचं जुनं वाकडं. म्हणून काम आलं काकूंकडे. काकूंनी जन्मात कोट शिवला नव्हता. मास्तर दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "कोट म्हणजे काय पडदा आहे? बाईच्या हातून खांदा बसला तर मी दुकानाला कुलूप लावीन." ते काकूंच्या कानावर आलं आणि त्यांनी दात-ओठ खाऊन काम घेतलं. कोटाच्या पोटात काय असतं ते बघायला नानांचा लग्नातला कोट काढला, शिवण शिवण उसवून त्याचे तुकडे केले आणि "नंतर देते जोडून," असं सांगून ते ट्रंकेत ठेवले. नानांनी तो खुशाल उसवू दिला. तसाही त्या कोटाचं बटण त्यांच्या पोटावर लागायचं बंद होऊन बराच काळ लोटला होता.

काकूंनी चार वेळा मापं घेतली, कागदावर कापून बघितलं, धीर झाला नाही तो दिवस सोडून दिला आणि दुसऱ्या दिवशी एकदाची कात्री चालवली. कापड कापून झालं आणि तेवढ्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचा पाय घसरल्याचा फोन आला. काकू घाईघाईत बॅग भरून निघाल्या. जाताना दारात वळून म्हणाल्या, "माझ्या शिवणाच्या टेबलाला हात लावायचा नाही."

"नाही लावत," नाना म्हणाले, आणि त्यांनी तो शब्द शेवटपर्यंत पाळला. घोळ एवढाच, की नाना टेबलाशी लुडबुड करतील ह्या भीतीनं काकूंनी कोटाचे कापलेले तुकडे टेबलावर ठेवलेच नव्हते. ते त्यांनी एका अभ्र्यात भरून दारामागच्या खुंटीला टांगले होते.

नानांनी गोधडीचं काम सरकारी पद्धतीनं, म्हणजे सल्लामसलतीनं सुरू केलं. समोरच्या माई वयानं बिल्डिंगपेक्षा मोठ्या. त्यांनी दारातूनच शिकवायला घेतलं. "खाली जुन्या चादरी अंथरायच्या, मधे जाडंभरडं, वर रंगीत तुकडे. टोचणारं कापड आत घालायचं, ऊब धरतं. आणि धावदोरा कडेनं सुरू करून मधे संपवायचा." दुसऱ्या दिवशी माईंनी डोकावून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "कडेनं कोणी सांगितलं? मधून कडेला जायचं!" नाना म्हणाले, "तुम्हीच." माई म्हणाल्या, "मी असं सांगेन का?" नानांनी टाके उसवायला घेतले.

तोवर बातमी जिन्यातून वर-खाली फिरली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जुन्या पडद्यांचं बोचकं घेऊन आल्या, "तुम्ही चिंध्या गोळा करताय म्हणे!" तळमजल्यावरच्या डॉक्टरांनी दवाखान्यातल्या फाटक्या चादरी पाठवल्या. कोणी तरी रात्रीतून दाराशी एक छत्रीचं कापड ठेवून गेलं, ते कोणाचं ते आजपर्यंत कळलेलं नाही. नानांनी कपाट रिकामं करायला घेतलं होतं. चार दिवसांत बैठकीच्या खोलीतून वाट काढताना त्यांना आडवं व्हावं लागायला लागलं. भीक नको पण कुत्रा आवर अशी गत झाली.

घरात जागा उरली नाही तेव्हा गच्चीचा विचार आला. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरींकडे नियम.

"गच्चीवर कपडे वाळवायला परवानगी आहे," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचे डोळे तांबडे होते. त्यांना कैक वर्षं रात्रीची झोप नव्हती. झोप नाही म्हणून ते जागत, जागत म्हणून नोटिसा लिहीत. बाहेर चपला एका रांगेत ठेवाव्यात. जिन्यात मोठ्यानं शिंकू नये. सकाळी उठावं तर जिन्याच्या भिंतीवर दोन नव्या नोटिसा हजर. "वाळवणं वेगळं. तुम्ही तिथे वस्तू तयार करणार. उद्या कोणी फर्निचर बनवेल."

"गोधडी वाळत घातली आणि वाळता वाळता शिवली तर?"

सेक्रेटरी विचारात पडले. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. नानांनी लोखंड तापलेलं बघून घाव घातला, "आणि पहिली गोधडी तुम्हाला. अशी ऊबदार करतो की पडल्या पडल्या झोप लागेल."

"झोप?" सेक्रेटरींचा आवाजच बदलला. किल्ली त्यांनी स्वतः वर आणून दिली.

मग नाना जे सुटले ते सुटले! गच्चीवर त्यांनी खडूनं आयत आखला, कर्ण मोजून बघितले, चादरी अंथरल्या. तुकडा कोणताही येवो, टेप लावायचा, गुण्या लावायचा आणि चारही कोपरे काटकोनात कापायचे. वरचे तर वरचे, आतलेही.

"आतलं कोणाला दिसणार आहे?" माईंनी विचारलं.

"मला माहीत असणार आहे ना!" नाना म्हणाले.

कापून निघालेल्या बारीक फाका टाकायच्या नाहीत, असा मात्र त्यांनी दंडक घातला होता. त्याही आतच सारायच्या. कणभर वाया घालवला नाही असं काकूंना सांगताना आपला चेहरा कसा असेल, ह्याचा त्यांनी आरशासमोर सरावही केला होता.

मधला थर थोडा विरळ वाटला म्हणून ते घरात आणखी काही मिळतंय का बघायला आले आणि त्यांना दारामागच्या खुंटीला टांगलेला अभ्रा दिसला. सोडून बघतात तर राखाडी, जाड, लोकरी तुकडे! 'कमाल आहे हिची,' नाना मनाशी म्हणाले, 'इतकं चांगलं कापड चिंध्यांत घालते आणि मला उधळ्या म्हणते.' कापडाला हात लावला तर टोचत होतं, म्हणजे माईंच्या शास्त्राप्रमाणे आत जाणार. आकार मात्र एकाचा धड नव्हता. एकाला वरून उंदरानं कुरतडल्यासारखी खोलगट कमान, दुसऱ्याला डोंगरासारखा फुगवटा, आणि सगळीकडे पांढऱ्या खडूच्या रेघोट्या. नानांनी रेघोट्या ओल्या फडक्यानं पुसल्या, फुगवटे छाटले, कमानी सरळ केल्या. राखाडी आयतांची अशी सुबक चळत लागली, की ती आत दडवायची त्यांच्या जिवावर आलं. छाटलेल्या अर्धचंद्रकोरी त्यांनी त्यांच्या शेजारीच सारल्या. पसरल्या, झाकल्या, धावदोरा घातला.

गोधडी पुरी झाली त्या संध्याकाळी सेक्रेटरी कमिटीच्या दोघांना घेऊन गच्चीवर पाहणीला आले. नाना मधोमध मांडी घालून शेवटचे टाके घालत होते.

"वा! उठा नाना, बघू तर द्या पुरती."

नाना उठले. त्यांच्याबरोबर गोधडीही उठली. ते डावीकडे सरकले, तीही सरकली. मधून कडेला की कडेनं मधे ह्या गोंधळात नानांनी स्वतःच्या पायजम्याचा घोळ चौफेर, बारीक, एकसारख्या टाक्यांनी गोधडीत शिवून टाकला होता.

"मी बसूनच बरा आहे," नाना खाली बसत म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे."

कोणी पुढे झालं नाही. खालून आणखी माणसं आली. सूचनांचा पाऊस पडला. उसवा म्हणणारे, पायजमा सोडा म्हणणारे. एक जण तर म्हणाला, "तसेच गुंडाळून घरी नेऊ." अखेर माईंनी कात्री चालवली. नाना एका गुडघ्यापर्यंत हवा खात, जिन्यातून, शक्य तितक्या सरळ रेषेत घरी गेले. गोधडी मात्र दोन माणसांनी उचलून सेक्रेटरींकडे नेली. एकट्याला ती उचलतच नव्हती.

आणि काय सांगावं! त्या रात्री सेक्रेटरी झोपले. गोधडी एवढी जड, की तिच्याखाली कूस बदलायची सोय नाही, हात बाहेर काढायचा तर दोन वेळा विचार करावा लागे. बिचारा देह करणार काय, झोपला. सकाळी जिन्यात एकही नोटीस नव्हती. लोक भिंतीकडे बघत उभे राहिले. कोणी तरी जिन्यात मोकळेपणानं शिंकलं आणि सगळे हसले. वहिनी, डॉक्टर, कमिटी, सगळे नानांना वाटेत अडवून हात हातात घ्यायला लागले. नानांची छाती अशी फुगली की शर्टाच्या बटणांना भीती वाटावी.

अशा वेळी काकू परतल्या. रिकामं कपाट बघून हरखल्या. "खरंच केलंत की हो! मी उगीच बोलले तुम्हाला." त्यांनी चहा ठेवला, टेबल पुसलं आणि कोट शिवायला घ्यायचा म्हणून दारामागे हात घातला.

"अहो, खुंटीवरचा अभ्रा कुठाय?"

"तो होय! वापरला की. त्यातलं तर सगळ्यात छान बसलं."

"त्यात कोट होता."

"कोट कुठला? तुकडे होते. तेही वेडेवाकडे. मी बघितले ना."

"शिवायच्या आधी कोट तुकड्यांतच असतो हो!"

नानांनी हातातली बशी खाली ठेवली. टेबलाला हात लावला नव्हता, हे सांगायचं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण काकूंचा चेहरा बघून ते शब्द गिळले गेले. काकू ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीत बसल्या आणि मशीनच्या चाकाकडे बघत हळूच म्हणाल्या, "माझ्या हातून बिघडला असता तर मास्तरांना हसू दिलं असतं मी. पण मी तर शिवलाच नाही अजून." इतकी वर्षं लोकांच्या जमिनी वाचवल्या, आणि बायकोची बोटभर जागा आपणच खणून टाकली, असं नानांना झालं.

"एक आहे," नाना म्हणाले. "कणभरही टाकलेलं नाही. छाटलेले गोलसुद्धा आतच आहेत."

काकूंनी मान वर केली. "गोलसुद्धा?"

"सगळे. शेजारी शेजारी."

"चला मग, आणू गोधडी."

पण गोधडी आणणं म्हणजे काय पोरखेळ आहे? बातमी फुटताच माई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "गोधडीला हात लावाल तर गाठ माझ्याशी आहे. तीन दिवस भिंत कोरी आहे!" मागे वहिनी, त्यांच्या मागे डॉक्टर. सेक्रेटरींना खरं सांगायचं तर कोट गेला, नाव गेलं. न सांगता आणायची तर बिल्डिंग वैरी. शेवटी काकू एकट्याच सेक्रेटरीणबाईंकडे गेल्या आणि ताकाला जाऊन भांडं न लपवता सगळं सांगून मोकळ्या झाल्या. त्या बाईनं तोंडावर पदर धरला, आणि ती रडतेय की हसतेय हे काही काकूंना कळलं नाही. मग ती म्हणाली, "हे सकाळी कामावर जातात, संध्याकाळी येतात. तेवढ्यात न्या, ऊन दाखवायला नेली म्हणेन. पण रात्री ती पलंगावर पाहिजे. ते झोपतात म्हणून मी झोपते हो!"

झालं, रोजचा कारखाना सुरू झाला. सकाळी सेक्रेटरी फाटकाबाहेर पडले की दोघं गोधडी पलीकडच्या जिन्यानं घरी आणत. काकू एक कोपरा उसवत, राखाडी तुकडा काढत. नाना त्या जागी दवाखान्याची चादर भरून टाके घालत, आणि संध्याकाळी गोधडी परत. पहिल्या दिवशी पाठ निघाली, दुसऱ्या दिवशी पुढचे दोन्ही भाग आणि बाह्या. मधेच पायजम्याचा गुडघा निघाला. तो नानांनी खिशात घातला.

तिसऱ्या सकाळी जिन्यात तीन नोटिसा होत्या. त्यातली एक चोरपावलांनी वावरणाऱ्यांबद्दल होती.

"उसवलीत ना गोधडी? बघा, काय कमी झालंय तिच्यात!" माई नानांवर कडाडल्या. कमी काय झालंय ते नानांना चटकन कळलं. लोकर गेली होती आणि सुती चादर आली होती. जागा भरली, वजन भरलं नव्हतं. सेक्रेटरींना रात्री कूस बदलता आली होती! नानांनी स्वयंपाकघरातला ताणकाटा आणला, आधी राखाडी तुकडे तोलले, मग चादरी. चादरी कितीही घातल्या तरी गोधडी फुगे, वजन काही येईना. लोकरीला लोकरच पाहिजे होती. आणि घरात तशी लोकर एकाच ठिकाणी होती.

नाना आतल्या खोलीत गेले आणि ट्रंकेतून आपल्या लग्नातल्या कोटाचे तुकडे घेऊन आले.

"अहो, तो नको," काकू म्हणाल्या. "मी जोडून देणार होते ना."

"पोटावर बसत नाही आता," नाना म्हणाले. "सेक्रेटरींच्या पोटावर बसेल."

त्यांनी एकेक तुकडा हातानं सपाट केला आणि गोधडीत सारला. ह्या वेळी कोपरे छाटले नाहीत. काकू बघत होत्या. मग चहा करताना त्यांनी नानांच्या कपात साखर दोनदा घातली. दुसऱ्या सकाळी भिंत पुन्हा कोरी होती.

मग बसल्या काकू मशीनवर. आयत आणि चंद्रकोरी जमिनीवर पसरून कुठली फाक कुठल्या काठाची, हे नाना गुडघ्यांवर रांगत जुळवत, आणि हद्दीचं काम असल्यामुळे एकही चूक करत नव्हते. लोकरीनं मात्र माणुसकी दाखवली. वाफेची इस्त्री फिरली की सुईची भोकं बुजून जात. जोडलेल्या शिवणी लपेनात तेव्हा काकूंनी त्या लपवायचा नाद सोडला. एका बाजूला शिवण आली तर दुसऱ्या बाजूलाही तशीच घातली, वरून ठळक टीप मारली, आणि तुकड्यांना जोर यावा म्हणून आतून गोधडीतल्याच मऊ चादरीचे दोन पदर लावले. कोट झाला. भारदस्त झाला. भलताच भारदस्त झाला. खुंटीवर टांगला तर खुंटी वाकली.

सेक्रेटरींनी तो घालून बघितला. काकू मागून खांदा सारखा करत होत्या.

"ह्या इतक्या शिवणी?"

"सगळ्या काटकोनात आहेत," नाना घाईनं म्हणाले. "हवं तर मोजा."

सेक्रेटरी आरशात वळले, परत वळले. "परदेशात असंच असतं, मेहुणा सांगत होता," ते म्हणाले आणि त्यांनी एक लांबलचक जांभई दिली.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. लोक आनंदानं आले होते असं म्हणणं धाडसाचं होईल. सेक्रेटरी भाषण करणार होते, आणि भाषणाचा विषय होता पाण्याच्या टाकीचा इतिहास, अगदी पायापासून. मागच्या वेळी त्यांनी लिफ्टचा इतिहास सांगितला होता, तेव्हा एकाची गाडी चुकली होती आणि एकाची नोकरी जाता जाता वाचली होती. दाराशी टेलर मास्तरही उभे होते, खास कोट बघायला आले होते. काकू त्यांच्याकडे न बघता पहिल्या रांगेत बसल्या. त्यांची नजर सेक्रेटरींच्या खांद्यांवरून हलत नव्हती.

पुष्पगुच्छ झाला. अध्यक्ष दोन शब्द बोलले. सेक्रेटरी उठले, कागदांची चळत काढली, "टाकीचा पाया खणायला घेतला तेव्हा" एवढं म्हणाले आणि पाणी प्यायला खुर्चीत टेकले. तो कोट खांद्यांवर असा बसला होता, वरून दोन हातांनी कोणी प्रेमानं दाबून धरावं तसा. सेक्रेटरींनी डोळे मिटले. पाया तिथंच राहिला.

सगळे वाट बघत होते. मग एक घोरण्याचा आवाज आला, हलका, तृप्त.

अध्यक्ष उठवायला निघाले. माईंनी काठी आडवी घातली. "खबरदार! झोपलेल्याला उठवू नये." मग हॉलभर जे हसू पिकलं ते सगळ्यांनी तोंडात रुमाल कोंबून आवरलं. टाळ्यासुद्धा तळहात न लावता वाजवल्या. चहा कपात कप न लागू देता वाटला गेला, आणि एकेक जण चपला हातात घेऊन, जाता जाता काकूंपुढे मान झुकवून बाहेर पडला.

मास्तर मात्र पुढे आले. झोपलेल्या सेक्रेटरींच्या मागे उभे राहिले, खांद्यावर हलकेच अंगठा फिरवला, बाहीचा जोड वाकून पाहिला, पुन्हा पाहिला. एक सुरकुती नव्हती.

"हा कट कुठला, काकू?" त्यांनी कुजबुजत विचारलं.

"आमचा घरचा आहे," काकू म्हणाल्या.

"खांदा बसलाय," मास्तर म्हणाले, आणि दुकानाच्या कुलपाबद्दल काही न बोलता निघून गेले. काकूंचे डोळे भरून आले. नानांनी खिशातून रुमाल म्हणून पायजम्याचा गुडघा काढून दिला. त्यांनी तोच डोळ्यांना लावला.

हॉल रिकामा झाल्यावर सेक्रेटरी जागे झाले. समोर त्यांची बायको, काकू आणि नाना, एवढेच.

"भाषण कसं झालं?"

"लोक अगदी हलक्या पावलांनी गेले हो," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या. "एकानं तोंडातून आवाज काढला नाही."

सेक्रेटरींनी समाधानानं मान हलवली. कोटावरून हात फिरवला. मग त्यांच्या कपाळावर आठी पडली. "कोट झकास आहे, काकू. पण एक सांगू? हसू नका. हा मी आधी कधी तरी पांघरलाय असं वाटतंय."

काकूंनी आठवडाभर दाबून धरलेलं हसू तिथे फुटलं. त्या खुर्चीत वाकून, पोट धरून हसल्या, सेक्रेटरीणबाई हसल्या, आणि नाना तेवढे ताठ उभे राहून म्हणाले, "चांगला शिवलेला कोट असाच अंगओळखीचा वाटतो."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर कोटाचं कापड घेऊन दारात हजर झाले. ते गेल्यावर काकूंनी नानांना शिवणाच्या टेबलाशी बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हातात खडू दिला आणि जुन्या चादरीचा तुकडा पुढे सारला.

"बसा. बाहीचा गोल काढायला शिका. काटकोन खूप झाले."

नानांनी जीभ दातांत धरून, श्वास रोखून गोल काढला. तो एका बाजूला फुगला, दुसरीकडे चेपला आणि शेवटी सुरुवातीला भेटलाच नाही. नानांनी तो पुसायला ओलं फडकं घेतलं.

काकूंनी त्यांचा हात धरला. "राहू द्या तसाच," त्या म्हणाल्या, "उपयोगी पडेल."